चौरंगी सामन्यांची गोष्ट

मंडळी, कपाशीची शेवटची वेचणी उरकली, पऱ्हाट्या उपटून झाल्या, की आमच्या मेडशीच्या शिवारात एखादे वावर पंधरा-वीस दिवस तरी मोकळे सापडते. अकोल्याहून पातूरमार्गे वाशिमकडे जाणाऱ्या मोटारीत तुम्ही बसला असाल, तर खिडकीतून तुम्हीही हे पाहिले असेल: ढेकळे फोडून सारखी केलेली जमीन, तीन काटक्यांच्या यष्ट्या, आणि भर उन्हात ओरडणारी वीस-पंचवीस पोरे. मी शाळामास्तर. पोरांचा खेळ पाहत बांधावर बसायची मला जुनी खोड आहे. खेळापेक्षा मला गंमत वाटते ती खेळ सुरू होण्यापूर्वीच्या भांडणाची. कोण कोणाकडे, हे ठरायला खेळाइतकाच वेळ लागतो!

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी मला सामन्यांचा पंच म्हणून बोलावले होते. जाऊन पाहतो तो चार संघ उभे. एकेका वेटाळाचा एकेक संघ. आता आपल्या खेड्यात वेटाळ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. वेटाळाचे नाव घेतले की जात आणि धर्म आपोआप कळतो. सामने उत्तम झाले, मारामारी झाली नाही, चहासुद्धा सर्वांनी एकत्र घेतला. पण संध्याकाळी घरी परतताना एक पोरगा माझ्या सायकलीमागे धावत आला नि म्हणाला, “गुरुजी, आमच्या वेटाळात नऊच पोरं आहेत, म्हणून आमचा संघच झाला नाही. मी कोणाकडून खेळू?” मला उत्तर सुचले नाही. ते उत्तर शोधताना मी जे जुने वाचले, आठवले आणि जमवले, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

वर्षातून एकदा, ठरल्या ठिकाणी, ठरल्या हंगामात भरणारा आणि सगळ्या मुलखाने वाट पाहावी असा सामना जगात पुष्कळ ठिकाणी असतो. आपल्याकडे शंकरपट असतो, कुस्त्यांची दंगल असते. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलचा असा सोहळा आहे. त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा नव्हे. तो बराचसा हातात चेंडू घेऊन एकमेकांना आडवे पाडण्याचा खेळ आहे. कॅलिफोर्नियातील पॅसाडेना या गावी 1890 पासून नववर्षाच्या दिवशी फुलांनी मढवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघू लागली. 1902 साली तिला जोडून पहिला सामना झाला. मिशिगनच्या विद्यापीठाने स्टॅनफर्डचा 49 विरुद्ध 0 असा धुव्वा उडवला. सामना इतका एकतर्फी झाला की मंडळींनी पुढे काही वर्षे फुटबॉल सोडून रथांच्या शर्यती लावल्या, म्हणजे त्यांचा तो शंकरपटच म्हणा! 1916 पासून फुटबॉल परत आला. 1922 साली वाडग्याच्या आकाराचे मोठे क्रीडांगण बांधले, आणि वाडग्याला त्यांच्या भाषेत ‘बाउल’ म्हणतात म्हणून सामन्याचे नाव पडले ‘रोझ बाउल’, गुलाबांचा वाडगा. मग इतर गावांनीही आपापले ‘बाउल’ काढले. तिथे भिडतात ती विद्यापीठे. अमका या कॉलेजचा, तमका त्या कॉलेजचा, एवढीच ओळख मैदानावर चालते.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक वार्षिक सोहळा होता. त्यासाठी मुंबईत कचेऱ्या ओस पडत, पोरे कॉलेज बुडवीत, झाडाच्या फांद्यांना माणसे लटकत. पण तिथे भिडत ते निराळेच संघ. त्याची नावे आधी तिरंगी, मग चौरंगी आणि शेवटी पंचरंगी सामने. हे रंग कपड्यांचे नव्हते, धर्माचे होते.

सुरुवात पारशांनी केली. साहेबाचा खेळ हिंदी माणसांत प्रथम त्यांनी उचलला. 1848 साली त्यांचा पहिला क्रिकेट क्लब मुंबईत निघाला. हिंदूंचा क्लब 1866 च्या सुमाराचा. खेळायची जागा म्हणजे किल्ल्याबाहेरचे मोकळे मैदान. त्याच मैदानावर गोरे साहेब घोड्यांवर बसून पोलो खेळत, आणि घोड्यांच्या टापांनी जमीन अशी उखडून जाई की चेंडू कुठे उडेल याचा नेम नाही. साहेबांच्या जिमखान्याला स्वतःचे राखीव मैदान होते, तरी पोलो मात्र रयतेच्या मैदानावर! शापूरजी सोराबजी नावाच्या एका पारशी गृहस्थांनी या अन्यायाविरुद्ध अर्जांवर अर्ज केले आणि पुढे 1897 साली त्या झगड्याची हकीकत पुस्तकरूपाने छापली. आपल्या शेताच्या बांधासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारा माणूस डोळ्यांपुढे आणा, म्हणजे शापूरजी तुम्हाला कळतील.

पारशांनी 1886 आणि 1888 साली विलायतेचे दौरे केले. 1890 च्या जानेवारीत विलायतेहून आलेल्या व्हर्नन साहेबाच्या संघाला त्यांनी मुंबईत हरवले, तेव्हा कुठे गोऱ्यांच्या ध्यानात आले की ही मंडळी बरोबरीची आहेत. 1892 पासून युरोपियन विरुद्ध पारशी हा सामना मोठ्या इतमामाने होऊ लागला. याच सुमारास सरकारने समुद्राच्या काठी पारशी, मुसलमान आणि हिंदू यांना शेजारी शेजारी जागा दिल्या व प्रत्येकाचा जिमखाना उभा राहिला. जमातवार जागा मिळाल्या, म्हणून जमातवार जिमखाने. जमातवार जिमखाने, म्हणून जमातवार संघ. ते सगळे जिमखाने आजही मरीन लाइन्सला एका ओळीत उभे आहेत; मुंबईला गेलात तर रस्त्यावरून दिसतात.

हिंदूंना 1906 साली युरोपियनांशी दोन हात करण्याची संधी मिळाली. फेब्रुवारी महिना होता, आणि हिंदूंनी तो सामना 109 धावांनी जिंकला. त्या काळी ही बातमी कशी लागली असेल, त्याची कल्पना करा. वंगभंगाची चळवळ पेटलेली, लोकमान्यांचे शब्द घरोघर पोचलेले, आणि मुंबईच्या मैदानावर काळ्या माणसांनी राज्यकर्त्यांना हरवले! 1907 पासून हिंदू, पारशी आणि युरोपियन असे तिरंगी सामने दरवर्षी होऊ लागले. 1912 साली मुसलमानांचा संघ आला आणि सामने चौरंगी झाले. कराची, लाहोर एवढेच काय, आपल्या नागपूरलाही याच धर्तीचे सामने पुढे भरू लागले.

पण मंडळी, 1906 च्या त्या विजयामागे एक माणूस होता. त्याच्याविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. त्याच्यासाठीच तर मी ही गोष्ट सांगायला बसलो.

त्याचे नाव बाळू. पूर्ण नाव पाळवणकर बाळू. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले पाळवण. जन्म धारवाडचा, 1870 नंतरच्या दशकातला. जात चांभार. वडील पलटणीत नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब पुण्याला आले. पुण्यात बाळूला काम मिळाले ते मैदान झाडण्याचे, खेळपट्टीवर पाणी मारून रोलर फिरवण्याचे आणि जाळे बांधण्याचे. आधी पारशांच्या मैदानावर, मग साहेबांच्या क्लबात. पगार महिन्याला चार रुपये. साहेब लोकांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा हवा असे; ते काम फुरसतीच्या वेळी बाळूकडे आले. त्याला फलंदाजी कोणी करू दिली नाही. बॅट धरणे हे साहेबाचे काम. पण चेंडू? ग्रेग नावाचा एक नामी इंग्रज फलंदाज रोज लवकर येऊन तासन्‌तास बाळूच्या गोलंदाजीवर सराव करी. प्रत्येक वेळी बाद केले की तो बाळूला आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, एवढे मात्र खरे की डाव्या हाताने संथ, फसवा, दोन्ही बाजूंना वळणारा चेंडू टाकणारा असा गोलंदाज त्या वेळी हिंदुस्थानात दुसरा नव्हता.

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवा होता. पण बाळूला घ्यावे कसे? वाद झाले, खल झाले, आणि शेवटी तोड निघाली ती अशी: मैदानावर बाळू सर्वांचा. तो टाकील तो चेंडू सर्वांनी झेलायचा, उचलायचा, त्याला परत द्यायचा. पण चहाची वेळ झाली की इतरांनी आत बसून कपातून चहा घ्यायचा, आणि बाळूला तो बाहेर, मातीच्या भांड्यातून, दुरून द्यायचा. जेवायचे पानही वेगळे.

आता गंमत बघा. ज्या चेंडूवर हा सगळा खेळ, तो चेंडू चामड्याचा. तो दिवसभर ब्राह्मणाच्या, प्रभूच्या, गुजराती शेटजीच्या हातातून फिरे, पँटला घासला जाई, आणि त्याने कोणी बाटत नसे. चामडे कमावणाऱ्याच्या जातीतला माणूस मात्र चहापुरता बाटवणारा! आपण खेड्यात राहणारी माणसे आहोत. ‘छे, असे कुठे असते का?’ असे म्हणायची सोय आपल्याला नाही. वेगळी कपबशी आपण पाहिलेली आहे. निदान आपल्या वाडवडिलांनी तरी ती पडवीच्या वळचणीला खोचून ठेवलेली पाहिली आहे.

पुढे बाळू मुंबईला आला, पलटणीत राहिला, रेल्वेत नोकरीला लागला आणि हिंदू जिमखान्याचा आधारस्तंभ झाला. मुंबईच्या जिमखान्यात तो इतरांच्या पंगतीला जेवला, हे त्या काळच्या सुधारक वृत्तपत्रांनी मुद्दाम नोंदवले. त्याचे तीन धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही एकामागून एक मैदानात उतरले. एका घरातले चार भाऊ, चौघेही पहिल्या प्रतीचे खेळाडू. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेला गेला. त्यात हिंदू होते, पारशी होते, मुसलमान होते. सामने बहुतेक हरले, पण त्या दौऱ्यात बाळूने एकट्याने 114 बळी घेतले. त्या वेळी त्याचे वय पस्तिशीचे आणि खांदा दुखावलेला. विलायतेत मानाने बोलावणी आली, वर्तमानपत्रांत नाव छापून आले.

एवढे झाल्यावर बाळू हिंदू संघाचा कप्तान झाला असेल, असे तुम्हाला वाटेल. नाही झाला. वर्षामागून वर्षे गेली. 1913 साली मु. दा. पै कप्तान झाले, तेव्हा त्या सज्जन माणसाने जाहीर बोलून दाखवले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी म्हणून माझे मित्र बाळू यांचा होता. बोलून दाखवले, पण कप्तानी पै यांच्याकडेच राहिली. पै यांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात नसावे.

1920 साली गोष्ट चव्हाट्यावर आली. त्या वर्षी पै आजारी पडले. मुसलमानांविरुद्धच्या सामन्याला बाळूला वगळण्यात आले आणि कप्तानी गेली पुण्याचे प्रोफेसर दि. ब. देवधर यांच्याकडे. देवधर थोर खेळाडू, याबद्दल दुमत नाही. ते संस्कृत शिकवीत, एकशे एक वर्षे जगले, आणि 1926 साली इंग्लंडहून आलेल्या संघाविरुद्ध त्यांनी काढलेल्या 148 धावा अजून जाणकारांच्या तोंडी आहेत. पण शिवराम आणि विठ्ठल हे त्यांना ज्येष्ठ होते. दोघा भावांनी अंग काढून घेतले. वर्तमानपत्रांतून सांगितले की हा आमचा अपमान केवळ जातीमुळे होतो आहे. मुंबईभर चर्चा उसळली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या नागपूरला काँग्रेसचे मोठे अधिवेशन भरले, आणि असहकाराच्या ठरावात अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढण्याची हाक दिली गेली. वाऱ्याची दिशा बदलत होती. जिमखान्याने माघार घेतली: अंतिम सामन्याला पै परत आले, बाळू उपकप्तान झाला, दोघे भाऊ संघात परतले. आणि त्या सामन्यात काही वेळ पै मुद्दाम मैदानाबाहेर गेले. म्हणजे तेवढा वेळ तरी बाळू हिंदूंचा कप्तान होता. पंचेचाळिशीच्या आसपासचा तो माणूस, ज्याने आयुष्याची सुरुवात झाडू घेऊन केली, हात उंचावून कोणी कुठे उभे राहायचे हे सांगत होता. तेवढा वेळ पै यांना पुरेसा वाटला असेल. बाळूला काय वाटले, ते त्याने लिहून ठेवलेले माझ्या वाचनात आले नाही.

1923 साली धाकटा भाऊ विठ्ठल रीतसर कप्तान झाला. हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले. लोकांनी विठ्ठलला खांद्यावर उचलून मैदानातून नेले. उचलणारे हात कोणत्या जातीचे होते, याची त्या गर्दीत कोणी चौकशी केली नाही. पुढल्या तीन वर्षांत आणखी दोनदा हिंदू जिंकले. विठ्ठलरावांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आपले आत्मचरित्र 1948 साली मराठीत लिहून ठेवले आहे. शिक्षक बंधूंनो, तुमच्या वाचनालयात ते मिळाले तर जरूर वाचा.

बाळूची गोष्ट मैदानावर संपली नाही. ते पुढे राजकारणात गेले. 1932 च्या पुणे कराराखाली सह्या करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. 1937 च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर उभे राहिले, आणि समोर कोण? खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाबासाहेब जिंकले. दलित समाजातील दोन मोठी माणसे अशी एकमेकांसमोर उभी ठाकली, हे वाचताना मनाला चुटपुट लागते. बाळू 1955 साली वारले.

आता खेळाच्या आनंदाकडे वळू, कारण त्या सामन्यांत आनंदही भरपूर होता. सामने बरीच वर्षे मुंबईच्या आझाद मैदानालगतच्या साहेबी जिमखान्याच्या मैदानावर होत. त्यासाठी तात्पुरते तंबू ठोकले जात: हा हिंदूंचा, हा पारशांचा, हा मुसलमानांचा. तंबूत जागा न मिळालेले मैदानाच्या कडेला दाटीवाटीने उभे राहत, नाही तर झाडावर चढत. विदर्भाला अभिमान वाटावा असा एक गडी त्या झाडावरच्या लोकांचा फार लाडका होता. तो म्हणजे कर्नल सी. के. नायडू, जन्माने नागपूरचा. 1916 साली तो प्रथम हिंदूंकडून खेळला तेव्हा शेवटी शेवटी फलंदाजीला आला, पहिले तीन चेंडू अदबीने अडवले, आणि चौथा सरळ षटकार! 1 डिसेंबर 1926 रोजी इंग्लंडच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंकडून खेळताना त्याने 153 धावा काढल्या, त्यात 11 षटकार होते. जिमखान्याच्या त्या मैदानावरून चेंडू छपरांवर जाऊन पडत होते. पुढे 1932 साली लॉर्ड्सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला, त्याचा कप्तान हाच नागपूरकर.

रेडिओवाल्यांनाही या सामन्यांचे ऋण मानले पाहिजे. 1934 साली याच चौरंगी सामन्यांतल्या पारशी विरुद्ध मुसलमान या लढतीचे धावते वर्णन तल्यारखान नावाच्या पारशी गृहस्थांनी मायक्रोफोनपुढे बसून केले. आपल्या देशात क्रिकेटचे धावते वर्णन तिथून सुरू झाले. एकटा माणूस दिवसभर बोलत राही, मध्ये दुसरा कोणी नाही. पुढे मराठीतून हेच काम बाळ ज. पंडितांनी इतके रसाळ केले की आमच्यासारख्या खेड्यातल्या लोकांना मैदान न पाहताच ‘गली’ कुठे आणि ‘स्लिप’ कुठे, हे पाठ झाले. चावडीवरच्या एका रेडिओभोवती सारा गाव बसे. बैल सोडायला उशीर होई, म्हाताऱ्या शिव्या देत, ते वेगळे!

1930 ते 1933 कायदेभंगाच्या चळवळीमुळे सामने झाले नाहीत. देश तुरुंगात असताना खेळ कसला, ही भावना होती. 1934 साली ते पुन्हा सुरू झाले, आणि त्याच वर्षी प्रांतवार संघांची रणजी स्पर्धाही निघाली. 1935 पासून विद्यापीठांसाठी रोहिंटन बारिया चषकाचे सामने सुरू झाले. म्हणजे माणसांनी धर्मावाचून संघ करण्याची वाट तयार झालेली होती. पण गर्दी कुठे होई? चौरंगीला! रणजीच्या सामन्यांना ओस मैदान आणि चौरंगीला तिकीट मिळायची मारामार.

1937 साली ब्रेबोर्न स्टेडियम बांधून झाले आणि पाचवा संघ आला, ‘उर्वरित’. हिंदू नाही, मुसलमान नाही, पारशी नाही, युरोपियन नाही, असे जे कोणी उरले ते या संघात: हिंदी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू. झाले पंचरंगी. पहिल्याच वर्षी हिंदू जिमखान्याने अंग काढून घेतले. कारण काय, तर नव्या स्टेडियमात त्यांच्या वाट्याला हव्या तेवढ्या बैठका आल्या नाहीत. खेळ राहिला बाजूला, भांडण खुर्च्यांचे. आपल्या गावच्या सप्ताहातल्या मांडवाची आठवण झाली ना?

या ‘उर्वरित’ संघात सांगलीचा एक मराठी ख्रिस्ती तरुण होता, विजय हजारे. 1943 च्या डिसेंबरात गाठ पडली हिंदूंशी. हिंदूंनी 5 बाद 581 धावा केल्या, त्यात विजय मर्चंट नाबाद 250. उर्वरितांचा पहिला डाव 133 धावांत आटोपला. दुसऱ्या डावात हजारे उभा राहिला. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला एकेक गडी येतो आणि जातो. मग त्याचा धाकटा भाऊ विवेक आला. दोघांनी मिळून 300 धावांची भागी केली. त्या 300 मध्ये विवेकच्या होत्या फक्त 21. भावाने नुसते उभे राहायचे, बाद व्हायचे नाही, एवढेच काम त्याने तासन्‌तास केले. सारा डाव 387 चा, त्यात एकट्या हजारेच्या 309. सामना हिंदूंनी एक डाव आणि 61 धावांनी जिंकला. पण मुंबईच्या हिंदू प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले ते हजारेला. मला त्या सामन्यातला विवेक फार आवडतो. वर्गात असा एखादा मुलगा असतोच. त्याचे नाव निकालाच्या फळ्यावर येत नाही.

आणि 1944 च्या हंगामातला अंतिम सामना. मुसलमानांनी हिंदूंना एका गड्याने हरवले. के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिला. देशात फाळणीची भाषा चाललेली असताना हिंदू प्रेक्षकांनी त्या विजयाला टाळ्या दिल्या. जे लोक म्हणत की या सामन्यांनी धर्माधर्मांत सलोखा वाढतो, ते हाच दाखला देत. त्यांचे म्हणणे अगदी खोटे होते, असे माझ्याने म्हणवत नाही.

पण दुसरी बाजूही होती, आणि तिचा निवाडा विचारायला लोक आले ते आपल्या विदर्भात. 1940 च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींकडे आले. हजारो सत्याग्रही तुरुंगात जात होते, युरोपात महायुद्ध पेटले होते. खेळावे की नाही, हा प्रश्न होता. गांधीजी आधी म्हणाले की मला क्रीडेतले काही कळत नाही. पण पुढे त्यांनी स्पष्टच सांगितले. जग शोकात असताना अशी करमणूक शोभत नाही, हे एक. आणि दुसरे, मला वाटते त्याहून महत्त्वाचे: कॉलेजा-कॉलेजांचे, संस्था-संस्थांचे सामने मी समजू शकतो, पण हिंदू, मुसलमान, पारशी असे संघ कशासाठी, हे मला कधीच उमगलेले नाही. मुंबईकरांनी अशा जमातवार सामन्यांना आपल्या खेळातून रजा द्यावी, असा त्यांचा सल्ला होता.

हिंदू जिमखान्यात सभा झाली. चुरशीचे मतदान झाले आणि थोड्या मतांच्या फरकाने त्या वर्षी न खेळण्याचे ठरले. अंतिम सामना मुसलमान विरुद्ध उर्वरित असा झाला. पण पुढल्याच वर्षी हिंदू परत आले. कारण गर्दी, कारण पैसा, आणि कारण सवय. सवय मोडणे फार कठीण असते, मंडळी. 1942 ला ‘चले जाव’ मुळे सामने भरले नाहीत. त्याच 1942 च्या नववर्षाला अमेरिकेतला गुलाबांचा सामनाही जपानी हल्ल्याच्या भीतीने पॅसाडेना सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला, डरहॅम गावी खेळवावा लागला होता. त्यांनी जागा बदलली, आपला एक हंगाम बुडाला.

टीका मात्र थांबली नाही. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ ने लेखामागून लेख लिहिले. विशेष म्हणजे ज्या तल्यारखानांचा आवाज या सामन्यांमुळे घराघरांत पोचला, तेही सामन्यांवर तुटून पडले. 1945 च्या हंगामातले सामने शेवटचे ठरले. 1946 साली हा सोहळा कायमचा बंद झाला. फाळणी पुढल्याच वर्षी झाली. सामने बंद झाले म्हणून ती टळली नाही, आणि सामन्यांमुळे ती झाली असेही कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

माझा हिशेब मी सांगतो, पटला तर घ्या. या सामन्यांनी बाळूला आणि विठ्ठलला मैदान दिले, हे खरे. हिंदू म्हणून एक व्हायचे तर चांभाराला आत घ्यावेच लागले. साहेबाला हरवण्याची ईर्षा जातीपेक्षा मोठी ठरली. पण जे दार बाळूसाठी अर्धे उघडले, त्याच दाराच्या चौकटीवर ‘हिंदू’ अशी पाटी होती. हजारेसारख्या मराठी माणसाला आपल्या गावकऱ्यांविरुद्ध ‘उरलेल्यां’त उभे राहावे लागले. आणि माझ्या सायकलीमागे धावलेला तो पोरगा? तो तर उरलेल्यांतही बसत नव्हता. त्यांचे नऊच भरत होते.

त्याला द्यायचे उत्तर मला उशिरा सापडले, म्हणून ते मी आमच्या मेडशीच्या वावरात चालवून पाहिले. पोरांना म्हटले, हजेरीपटावरचे सम क्रमांक एका बाजूला आणि विषम क्रमांक दुसऱ्या बाजूला. हजेरीपट आडनावांवर नाही, शाळेत नाव घातल्याच्या तारखेवर आहे, तेव्हा कोणाची कुरकुर नको. दोन घटका खेळ छान रंगला. मग विषमवाले हरले, आणि त्यांचा म्होरक्या बॅट खांद्यावर टाकून माझ्याकडे आला.

“गुरुजी, हे काही खरं नाही. जोरात चेंडू टाकणारे सगळे समात गेले. उद्या चिठ्ठ्या टाका.”

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या.